थंडीतला दाणा

लग्न होऊन मी जुनी इंदूर भागातल्या घरी आले, तेव्हा मध्यभारत राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. सासरे संस्थानच्या चाकरीत होते, ते माझ्या लग्नाआधीच गेले. हे पोलोग्राउंडच्या एका कारखान्यात होते. सकाळी सातला सायकल काढायचे ते दिवस मावळल्यावरच परतायचे. मी मुलींच्या शाळेत सायन्स शिकवायचे. आणि घराच्या मागच्या अंगणात गाय होती. "आम्ही घरात चौघं," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत, आणि त्यात थट्टा नसे.

गाय माळवी जातीची, राखाडी-पांढरी, पायांनी मजबूत. सासूबाई पहाटे उठून आधी तिच्या पाठीवर हात ठेवत, मग देवापुढे दिवा लावत. वैरण त्याच टाकत, दाणा त्याच भिजवत. मी कधी मदतीला गेले तर म्हणत, "तू जा, तुला शाळेची गडबड. गाईचं तुला नाही कळायचं." त्यात टोचणी नव्हती. तरी मला ते लागायचं. मी बी.एस्सी. झाले होते. आमच्या गल्लीत तेव्हा एवढं शिकलेली बाई मी एकटीच, आणि याची मला जरा जास्तच जाणीव होती.

धार काढायला, शेण उचलायला आणि कडब्याची कुट्टी करायला नदीपलीकडून एक गवळण येई. वयाने पन्नाशीची, काटक, हातात चांदीची जाड कडी. आमच्या घरी ती अठरा वर्षं येत होती. गल्लीतली आणखी चार घरं तिच्याकडे होती. सासूबाईंना ती माँसाब म्हणे आणि मी शाळेत शिकवते म्हणून मला बेनजी. माळवीत बोलायची, आम्ही मराठी-हिंदीची खिचडी बोलायचो, आणि कुणाचंच काही अडत नसे.

त्या वर्षी थंडी विचित्र पडली. माळव्यात हिवाळा असतोच, पण त्या पौषात देवासच्या रस्त्याला हरभऱ्यावर पाला, म्हणजे गोठलेलं दंव, पडून शेतंच्या शेतं काळी पडली. सकाळी हौदाच्या पाण्यात हात घालवत नसे. वर्गात मुली शालीतून हात बाहेर काढायला तयार नसत, आणि मी त्यांना शरीरातली उष्णता अन्नातून कशी तयार होते ते फळ्यावर आकृती काढून शिकवत होते. नेमकं तेव्हाच देवासहून नणंदेच्या बाळंतपणाचा निरोप आला आणि सासूबाईंना जावं लागलं. गाय गाभण होती, सहावा महिना चालू होता, थोडंफार दूधही देत होती. सासूबाईंचा पाय घरातून निघेना. दोन दिवस त्यांनी मला तेच तेच सांगितलं. पाणी कोमट करून पाज. अंगावर गोणपाट बांध. कडबा कोरडा दे. निघताना टांग्यात बसल्यावरही म्हणाल्या, "दाणा देते तेवढाच. थंडी आहे म्हणून हात सैल सोडू नकोस. संध्याकाळी कडबा मात्र पोटभर टाक. जनावर रात्रभर रवंथ करतं, त्या रवंथाचीच ऊब असते."

मी मान डोलावली. मनात हसले. रवंथातून ऊब, असं काय असतं?

मी जिथे शिकले होते त्या कॉलेजच्या लायब्ररीत मला अजून पुस्तकं मिळत. शाळा सुटल्यावर तिथे गेले आणि गुरं पाळण्यावरचं एक इंग्रजी पुस्तक काढलं. थंड मुलखातल्या कुणा साहेबाने लिहिलेलं. चित्रात बर्फ पडलेलं कुरण होतं आणि लाकडी गोठ्यात धिप्पाड गाई ओळीने उभ्या होत्या. थंडीत जनावराची अन्नाची गरज वाढते, असं वाक्य होतं, आणि खाली दाण्याचा तक्ता. तो मी एका मुलीच्या चाचणीच्या कागदामागे उतरवून घेतला. लायब्ररी बंद व्हायची वेळ झाली होती. पुस्तक घरी नेता येत नव्हतं. पान उलटायचं राहिलं. खरं सांगायचं तर मला उलटायची गरजच वाटली नाही. जे हवं होतं ते मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजरीचा भरडा दुप्पट केला. सरकी वाढवली. गाय अधाशासारखी खाऊ लागली. तिचं तोंड पाटीत खालपर्यंत गेलेलं बघून मला फार बरं वाटलं. सासूबाई परत येतील तेव्हा गाय अशी चकचकीत झालेली असेल, दूध वाढलेलं असेल, आणि मी सहज म्हणेन, पुस्तकात असंच दिलंय. हे वाक्य मी मनात किती वेळा म्हटलं होतं! तिसऱ्या दिवशी दाणा आणखी वाढवला, वर गव्हाचा दलिया घातला. पोटात जागा राहावी म्हणून कडबा निम्म्यावर आणला.

गवळणीच्या ते लगेच लक्षात आलं. धार काढून झाल्यावर ती चरवी खाली ठेवून उभी राहिली आणि मला म्हणाली की ठंडीत ढोराला चारा हवा, इतका दाणा पोटात आंबेल, आणि ही तर गाभण आहे. अगदी हळू आवाजात सांगत होती. मी म्हटलं, "बाई, तुम दूध निकालो. बाकी मैं देख लूँगी. मैंने किताब में पढ़ा है."

ती म्हणाली, "वा किताब वाली गाय दूसरी वेगी, बेनजी."

पुस्तकातली गाय दुसरी असेल, म्हणे. याचा मला राग आला. आणि मी तिला विचारलं की तुला एक अक्षर तरी वाचता येतं का.

हे वाक्य मी कुणालाच कधी सांगितलं नाही. पुढे जे कबूल केलं त्यातही हे वगळलं. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

तिने चरवी उचलून आत नेऊन ठेवली. पण त्या संध्याकाळी मी बघितलं तर गव्हाणीत कडब्याची एक मोठी पेंढी जास्तीची पडली होती. मी ती उचलून परत गंजीवर टाकली.

पाचव्या दिवशी सकाळी मी वेणी घालत होते, तर मागून तिची हाक आली. गाय मान पुढे ताणून उभी होती. डावी कूस फुगून वर आली होती. ती दात करकरा चावत होती, आणि खाली पातळ शेण पडलं होतं, त्याला आंबूस वास येत होता. पाटीतला दाणा तसाच होता. मी दारातच खिळून राहिले. गवळणीने मला काही विचारलं नाही. तिने एक काठी गाईच्या तोंडात आडवी घालून सुतळीने शिंगांना बांधली, म्हणजे ती चघळत राहील आणि पोटातला वारा निघेल. मग कूस चोळायला मला उभं केलं आणि स्वतः ढोरांच्या दवाखान्याकडे पळाली. त्या वयात, त्या गारठ्यात, अनवाणी.

डॉक्टर आले. मराठीच होते, शांत स्वभावाचे. त्यांनी कुशीवर कान लावला, डोळे बघितले आणि विचारलं, "काय घातलं होतं हिला?"

मी म्हटलं, "रोजचंच."

गवळण गाईची मान धरून उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि परत गाईकडे पाहिलं.

"रोजच्याने असं होत नाही," डॉक्टर म्हणाले. "कुणीतरी भरपूर दाणा चारलाय."

त्या क्षणी मी सांगायला हवं होतं. एवढंच तर सांगायचं होतं की मी घातला, चुकून घातला. पण डॉक्टर माझ्याकडे सुशिक्षित बाई म्हणून बघत होते, बोलताना मध्येच इंग्रजी शब्द वापरत होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "मी दिवसभर शाळेत असते. मागे काय चालतं, मला कुठे दिसतं?"

डॉक्टरांनी गवळणीकडे एकदा पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. सोडा पाण्यात कालवून पाजला, तेल पाजलं, पोटात नळी घालून वारा काढला. दाणा पूर्ण बंद, फक्त कोरडा कडबा, असं सांगून गेले. गवळण तो दिवसभर आणि दुसरा दिवसभर गाईपाशीच होती. मी शाळेत जाऊन आले. दुसऱ्या संध्याकाळी गाय रवंथ करायला लागली, तेव्हा गवळणीने माझ्याकडे बघून हात जोडले, देवाला जोडतात तसे, आणि घरी गेली.

पण तिसऱ्या दिवशी दुपारी मी शाळेतून आले तेव्हा गाय गाभडली होती. गवळणीने जागा धुऊन काढली होती. कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं. पाडी होती, ती म्हणाली. मी तिथेच पायरीवर बसून रडायला लागले. तिने मला तांब्याभर पाणी आणून दिलं, मग ते गोणपाट उचलून नदीकडे गेली आणि पुरून आली. आम्ही दोघीच होतो. ऐकायला डॉक्टर नव्हते, कुणीच नव्हतं. तिची क्षमा मागायला याहून सोपी वेळ मला परत कधी मिळाली नाही. मी पाणी प्याले आणि तांब्या तिच्या हातात परत दिला.

यांना मी एवढंच सांगितलं की गाईला अपचन झालं. ते म्हणाले, आईला काय सांगायचं आता, आणि काळजीत पडले.

सासूबाई बाराव्या दिवशी आल्या. टांग्यातून उतरून थेट मागे गेल्या. गाईच्या गळ्याला हात घालून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग मला विचारलं. माझं उत्तर तयार होतं, तेच, डॉक्टरांना दिलेलं. फक्त आता त्यात थोडी भर पडली. मी म्हणाले, बाई सकाळी लवकर येते, काय घालते काय नाही, मी कुठे बघत बसणार. सासूबाईंनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. मग उठून दाण्याच्या कोठीचं झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, आणि झाकण परत लावलं.

दुसऱ्या सकाळी धार काढून झाल्यावर त्यांनी गवळणीला सांगितलं, "उद्यापासून येऊ नकोस."

मी तेव्हा डबा भरत होते. गवळणीने कारण विचारलं नाही. "जी माँसाब," एवढंच म्हणाली. जाताना गाईच्या कपाळावरून हात फिरवला. माझ्याकडे बघेल असं वाटून मी डब्याचं झाकण घट्ट लावत राहिले.

गल्लीत बातमी कशी जाते ते सांगायला नको. मी कुणाकडे गेले नाही. पण नळावर शेजारणीने विचारलं, "गवळणीच्या हातून गाय गाभडली म्हणे?" तर मी "हं" म्हटलं. महिन्याच्या आत बाकीच्या चारही घरांनी तिला बंद केलं.

मग एक दिवस शाळेच्या कामासाठी मी पुन्हा लायब्ररीत गेले आणि ते पुस्तक परत मागून घेतलं. का घेतलं कोण जाणे. तक्त्याचं पान काढलं आणि उलटलं. मागच्या पानावर लिहिलं होतं की हा दाणा एकदम वाढवू नये, आठवड्या-आठवड्याने थोडा थोडा वाढवावा. आणि पुढे असं, की कडाक्याच्या थंडीत आधी चाराच वाढवावा, कारण वाळला चारा पोटात सावकाश कुजतो आणि त्यातूनच जनावराला उष्णता मिळते. सासूबाई टांग्यात बसून जे सांगत होत्या, गवळण चरवी ठेवून जे सांगत होती, तेच त्या साहेबाने लिहिलं होतं. मी तिघांचंही ऐकलं नव्हतं.

तरी मी लगेच बोलले नाही. फाल्गुन उजाडला. नवी बाई मिळेना, म्हणून सासूबाई स्वतःच धार काढत होत्या. त्यांचे गुडघे दुखत, उठताना खांबाला धरावं लागे. एका सकाळी त्यांना तसं उठताना पाहिलं आणि माझ्या तोंडून सगळं बाहेर पडलं. दाणा, तक्ता, गंजीवर परत टाकलेली पेंढी, डॉक्टरांना सांगितलेलं खोटं.

त्या ऐकत होत्या, हातातली कुट्टी पाटीत टाकत होत्या. म्हणाल्या, "कोठी मी आले त्याच दिवशी पाहिली. एवढा दाणा तिने अठरा वर्षांत कधी घातला नव्हता. मला कळलं होतं."

मला आधी ते समजेना. मग विचारलं, "आई, मग तिला का काढलंत?"

"तू या घरची आहेस. शाळेत मुलींना शिकवतेस. तुझं नाव गेलं असतं तर?" मग म्हणाल्या, "आणि मी वाट बघत होते. तू बोलशील असं वाटलं होतं. त्या सकाळपर्यंत वाट पाहिली. तू बोलली असतीस तर माझ्या हातून हे झालं नसतं."

त्यांचा आवाज रागाचा नव्हता. अठरा वर्षं येणारी बाई त्यांनी माझ्यासाठी घालवली होती, आणि त्याचं ओझं त्या एकट्या दोन महिने वागवत होत्या. त्यानंतर आम्ही दोघी या विषयावर कधी बोललो नाही.

त्याच रविवारी मी नदीपलीकडे गेले. गवळण तिच्या दाराशी गोवऱ्या थापत होती. मला बघून उठली, खाट टाकली. मी बसले नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि परत या म्हटलं, सासूबाईंनाही तुम्ही हव्या आहात. तिने हात धुतले, लुगड्याला पुसले.

"म्हारे तो मालम थो," ती म्हणाली, म्हणजे मला माहीतच होतं. मी विचारलं की मग डॉक्टरांपुढे का बोलला नाहीत. तिने सांगितलं की तेव्हा गाय मरत होती, गाईला बघायचं की तुझ्याशी भांडायचं? आणि नंतर बोलून काय होणार होतं? बेनजीचं खरं मानणार की गवळणीचं?

मग ती म्हणाली, "अब अठे आके मत बोलो, बेनजी. म्हारो नाम गल्ली में गयो. वठे जाके बोलो."

इथे नको, तिथे गल्लीत जाऊन सांगा, असं तिचं म्हणणं. आमच्या घरी परत यायला तिने नकार दिला. पाणी मात्र विचारलं.

परत येताना पुलावर मी ठरवलं होतं की आजच चारही घरी जायचं. पहिलं घर शेजारणीचं. मी दारात उभं राहून सांगितलं. तिला आधी काही कळेना, मग तिने तोंडाला पदर लावला. दुसरं घर एका म्हाताऱ्या जोडप्याचं. आजोबांनी ऐकलं आणि एवढंच म्हणाले की आता सांगतेस होय. तिसऱ्या घरी हसण्यावारी नेलं, अहो होतं असं, ती एक बाई गेली तर दुसरी मिळेल. त्या हसण्यात मी सामील झाले नाही, एवढंच म्हणू शकते.

चौथं घर आमच्या मुख्याध्यापिकाबाईंचं होतं. फाटकापर्यंत गेले. त्या ओसरीवर वह्या तपासत बसल्या होत्या. पुढल्या वर्षी वरचे वर्ग मला द्यायचे त्यांच्या मनात होतं, आणि ते मला ठाऊक होतं. त्यांनी वर पाहून विचारलं, "काय गं, आज इकडे कशी?" मी म्हटलं, सहज चालले होते. उद्या येऊन सांगू असं ठरवून घरी आले. उद्याही गेले नाही. मग परीक्षा आल्या, मग सुट्टी. वरचे वर्ग मला मिळाले.

गाईला पुढच्या वर्षी कालवड झाली. थंडीत मी तिला सासूबाईंच्या हाताखाली सांभाळायला शिकले: संध्याकाळी कडब्याची मोठी पेंढी, दाणा मुठीच्या मापाने, सरकी भिजवून, पाणी कोमट. शाळेतल्या मुली जेव्हा घरच्या गुरांचं काही विचारत, तेव्हा मी नीट सांगू शकायचे. पण ते सांगताना मला कधीच मोकळं वाटलं नाही.

सात-आठ वर्षांनी अन्नपूर्णेच्या देवळात दर्शनाला गेले होते. बाहेर मागून हाक आली, "बेनजी." तीच होती. थकली होती, पण चांगल्या लुगड्यात होती. मुलाने तिकडेच दोन म्हशी घेतल्या होत्या. तिने सासूबाईंची चौकशी केली, त्या गेल्याचं ऐकून डोळे पुसले. गाय आहे का विचारलं. मग म्हणाली, "वा बड़ी बेनजी का घरे बोल्या था के नी?"

बड़ी बेनजी म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकाबाई. तोवर त्या निवृत्त होऊन ग्वाल्हेरला मुलाकडे गेल्या होत्या. मला खरं सांगता आलं असतं. तिने माझं काय केलं असतं? फार तर मान हलवली असती आणि निघून गेली असती.

मी म्हटलं, "हाँ, बोल्या था."

"चोखो कर्‍यो," ती म्हणाली. चांगलं केलंस. तिचा चेहरा एकदम सैल झाला. तिने माझा हात दोन्ही हातांत घेतला, दाबला, आणि म्हशींची वेळ झाली म्हणून गर्दीतून घाईने निघून गेली.